काळी चार

बाबा, तुमची पेटी आता काळी चारला बोलत नाही. ती चौथी काळी पट्टी दाबली की खाली जाते, सोडली की वर येते, मधे नुसती हवा. मंडळातल्या सगळ्यांना वाटतं, उंदरानं आत काहीतरी कुरतडलं. मी त्यांना तसं वाटू दिलं आहे.

तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. दर वर्षी तुमच्या तिथीला जेवणं आटोपली की भजनी मंडळ आपल्या ओसरीवर बसतं. पेटीवर मी असते, कारण दुसरं कोणी शिकलेलं नाही. तुम्ही होता तेव्हा मी फक्त घरात वाजवायची. मंडळात माझी जागा टाळ ठेवायच्या पाटीशेजारी होती. तुमचा षड्ज काळी चार, म्हणून मंडळाचा षड्ज काळी चार. माणसं सत्तरीला आली तरी त्याच सुरात गातात. मानेच्या शिरा ताणतात, डोळे मिटतात, आणि वरचा सूर लागत नाही तिथं टाळ जोरात वाजवतात. 'बुवांचा सूर हाय' एवढंच म्हणतात. तो तुमच्या तिशीतल्या गळ्याचा सूर होता. तुम्ही त्याला देवाचा म्हणालात आणि कोणी विचारलं नाही.

आठवतं, मी दहा वर्षांची आहे. धुळवडीची दुपार. नाल्यापलीकडच्या तांड्यावरची बंजारा माणसं डफ घेऊन अंगणात येतात, होळीची लेंगी गातात, गोल धरून नाचतात, फगव्याचे पैसे घेऊन पुढच्या घरी जातात. ती गेली तरी चाल अंगणातच राहिली. मी पेटी उघडली आणि ती शोधायला बसले. तिसऱ्या खेपेला सापडली. तेवढ्यात तुम्ही मागच्या दारानं आलात आणि भात्यावर अख्खा पंजा ठेवलात. सूर अर्ध्यात गुदमरला.

"कोणी सांगतलं तुले हे वाजवाले?"

"कोणी नाही. मी ऐकलं."

"पेटी देवाची हाय. शिमग्याची नाही."

चुलीपुढून आई म्हणाली, "वाजवू द्या ना जरा. देव काय कानात बोळे घालून बसला हाय?" तुम्ही पेटीवर कापड टाकलं. चार दिवस ते निघालं नाही. पाचव्या दिवशी मला बोलावलंत आणि काळी चारपासून पलटे घोकायला बसवलंत, जणू मधे काही झालंच नव्हतं.

तुम्ही मला दिलं, हे मी नाकारत नाही. माझ्या डोळ्यांवर तुमचा एक हात, सरकी आणि तंबाखूच्या वासाचा, दुसरा पट्ट्यांवर. "हे कोणतं?" मी सांगते. "हे?" सांगते. चुकले की तुम्ही तीच पट्टी पुन्हा दाबता, मी बरोबर सांगेपर्यंत. कान तुम्ही दिला. मग त्या कानात काय शिरावं हेही तुम्हीच ठरवणार होता. ते मला मान्य नव्हतं आणि आजही नाही.

चार वर्षांपूर्वी पुसदला जुन्या सामानाच्या एका दुकानात, बंद पडलेल्या बँड पथकाच्या ढोलांखाली मला कॉन्सर्टिना मिळाली. सहा कोनांची, दोन्ही हातांत धरायची, मधे कागदी घड्यांचा भाता, दोन्ही टोकांना बटणं. गावात लोक विचारतात, "मॅडम, दिवाळी तं लांब हाय, आकाशकंदील कायले काढला?" पेटीच्याच जातीची आहे, आत तशाच पितळी जिभा, तशीच हवा. पण तिचा एक कायदा वेगळा. एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा. पहिले सहा महिने मी फक्त चुकत होते. बोट बरोबर, सूर भलताच. माझे हात सवयीनं नुसती हवा पुरवत होते, कधी ओढावं कधी दाबावं याचा विचार न करता. तुम्ही शिकवलं होतं, "डावा हात बैल हाय, त्याले विचारू नको. त्यानं नुसतं ओढाचं." इथं बैलालाच गाणं यावं लागतं.

भजन तिच्यावर अवघड जातं. लांब सूर धरला की भाता संपतो, आणि उलटा फिरवावा तर सूर बदलतो. म्हणून ओळ कुठं तोडायची हे आधी ठरवावं लागतं. भजनात श्वास कुठं असतो ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. दिवाळीतल्या दंडारी नाचाची गाणी सोपी, पायाच्या ठेक्यानं भाता हलतो. लेंगी मात्र तिच्यासाठीच केल्यासारखी वाटते. ती मी तांड्यावर जाऊन शिकले. शाळेत माझ्यासोबत शिकवणारी मैत्रीण तिथंच राहते. तिच्या आईला, म्हणजे याडीला, दिसत नाही फारसं, पण आवाज शाबूत आहे. ओळीच्या शेवटी ती आवाजाला एक हिसका देते. मी तो बटणांमध्ये शोधत होते. तो भात्याच्या उलट्या झटक्यात होता. पहिल्यांदा जमला तेव्हा याडी हसली. "आता आला. तुह्या बापानं सूर खुंट्याले बांधून ठेवला होता, पोरी. त्याले चरू दे जरा."

गेल्या महिन्यात तुमची तिथी झाली. मंडळ बसलं. मी पेटी उघडली, काळी चार दाबली, हवा आली. तुमच्या बरोबरीचे मृदंगवाले काका पुढं वाकले, स्वतः दाबून पाहिली. "अरे, मेली. आता वो?" कोणी म्हणालं, काळी तीनवर घ्या. कोणी म्हणालं, मधेमधे तं काळी चार लागनच ना, बाप्पा. मग मी आतून कॉन्सर्टिना आणली. तिच्यात काळी चार नाही. सगळ्यात जवळचा सूर पांढरी पाच, अर्धा सूर खाली. "बुवांपेक्षा खाली?" काका म्हणाले. मी म्हणाले, "हो, खाली. नाही तर नुसते टाळ."

गायले. पहिलं भजन चाचपडत, दुसरं नीट. तिसऱ्याला वरचा सूर आला आणि कोणीही टाळांमागे लपलं नाही. संपल्यावर काका कपाळ पुसत म्हणाले, "खरं सांगू काय? दहा वर्षं झाली, गळा फाटून राह्यला होता. पण बोलाव कोणाले?" सगळे हसले, चोरी पकडल्यासारखे. त्यानंतर मी कोणाला न विचारता तुमच्या फोटोसमोर लेंगी वाजवली. आधी कोणी टाळ धरला नाही. मग काकांनी मृदंगावर बोटं टेकवली. मैत्रिणीसोबत येऊन उंबऱ्यात बसलेल्या याडीनं तोंड उघडलं आणि हिसका बरोबर जागी पडला. मला वाईट वाटलं नाही, बाबा. देवाला काय वाटलं ते त्यानं मला कळवलेलं नाही.

आता उंदराचं. उंदीर नव्हता. कॉन्सर्टिनाची एक जीभ तुटली होती. यवतमाळचा पेटी दुरुस्त करणारा म्हणाला, जुनं पितळ आणा, त्यातून कापून घासून बसवतो. घरी पेटी असेल तर वरच्या टोकाच्या एखाद्या सुराची जीभ काढा, तिचं काम पडत नाही. मी घरी आले, पेटीची फळी काढली, वरच्या टोकाच्या सुराचा स्क्रू अर्धा सैल केला. मग तो परत घट्ट केला आणि काळी चारची जीभ काढली. तिथीला वीस दिवस होते. काय होईल ते मला माहीत होतं. ते व्हावं म्हणूनच काढली. तुमच्या पंजानं सूर थांबवला होता, मीही तुमचा थांबवला. तो आता लेंगीत बोलतो, घासून निराळा झालेला, भाता ओढला की. पेटी दुरुस्त करून आणते असं मंडळाला सांगितलं आहे. आणणार नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. मंडळ गेल्यावर ओसरी झाडायच्या आधी मी तुमच्या पेटीपुढं बसले. डाव्या हातानं भाता घातला, काळी चार दाबली. हवा आली. बराच वेळ मी ती दाबून ठेवली होती.