मिशीची डावी बाजू

२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दाढी करताना मिशीच्या डाव्या बाजूस हरभऱ्याच्या दाण्याएवढी जागा पूर्णपणे केशरहित आढळली. खाज नाही, वेदना नाही. स्नेहलचे लग्न ८ मे रोजी. कोल्हारचे नियोजित व्याही सूर्यभानराव यांची मिशी पांढरी असली तरी संपूर्ण आहे. व्याहीभेटीच्या फोटोत मुलीचा बाप अपुरा दिसता कामा नये. तपास आजपासून सुरू.

३ फेब्रुवारी
आमचा केस कापणारा आसाराम याने पाहताक्षणी निदान केले. "चाई हाय सायेब. जाईल आपसूक." 'आपसूक' या शब्दावर विसंबण्याची मला सवय नाही. मी बी.कॉम. आहे.
जानेवारीपासून चेहऱ्यावर नवीन नोंद एकच : सनस्क्रीन. स्नेहलने पुण्याहून आणून दिले. "बाबा, कारखान्याच्या यार्डात उन्हात उभे असता, लावत जा." सौ. म्हणाली, "आधी तुमचा तो रविवारचा कलप बघा." कलप नऊ वर्षे चालू आहे. जुन्या खात्यावर संशय घेण्याची पद्धत नाही.

७ फेब्रुवारी, रात्री
मोबाईलवर वाचन. कपाळावरचे केस मागे सरकण्याच्या एका विकाराशी सनस्क्रीनमधील काही घटकांचा संबंध असू शकतो, असे काही डॉक्टरांना वाटते. "असू शकतो." ऑडिटमध्ये एवढे पुरते. ट्यूबवरील घटक भिंगातून वाचले. दोन नावे उच्चारता आली नाहीत. निर्दोष पदार्थाचे नाव उच्चारता येते. उदा. मीठ, हळद, तूप.

१५ फेब्रुवारी
नगरला त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवले. त्यांच्या मते शरीराचीच संरक्षणयंत्रणा केसांच्या मुळांवर चालून जाते. म्हणजे अंतर्गत लेखापरीक्षकाने स्वतःच्याच कारखान्याचे नुकसान करावे. हे संभवत नाही. मी स्वतः अंतर्गत लेखापरीक्षक आहे.
सनस्क्रीनचा मुद्दा मांडला. "ती चर्चा वेगळ्या आजाराबद्दल आहे काका, आणि तिथंही काही सिद्ध झालेलं नाही." मिशीला काही लावता का, असे विचारले असता "खोबरेल" असे सांगितले. सौ.ला खोकला आला. मलम दिले. केस परत आलेच तर सुरुवातीला पांढरे येऊ शकतात, असेही म्हणाल्या. ही सूचना सर्वसाधारण असावी.

१६ फेब्रुवारी, रविवार
मिशीची नेहमीची देखभाल.
स्नेहलला फोन करून निष्कर्ष कळवला. दोषारोप कटाक्षाने टाळला. "तू दिलेल्या पदार्थामुळे" एवढेच म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे मी घालवली का तुमची मिशी?" फोन बंद. श्रीगोंद्यातील रेंजबद्दल तक्रार करावी लागेल.

२ मार्च, रविवार
देखभाल. स्नेहल रोज सौ.च्या फोनवर बोलते. माझ्या फोनला रेंज अद्याप नाही.

१ एप्रिल
पुराव्याशिवाय मुलगी मानणार नाही. फेब्रुवारीपासून बंद ठेवलेले सनस्क्रीन आजपासून फक्त उजव्या अर्ध्या चेहऱ्यास. डाव्यास काहीही नाही. सीमारेषा : नाक. टोपी वर्ज्य. डावी मिशी भरून आली की विषय संपला.

२० एप्रिल, रविवार
देखभाल. भर दुपारी स्कूटरवरून पत्रिकावाटप. उजवी मिशी शाबूत. डावीकडची जागा वाढली. निष्कर्ष : सनस्क्रीनचे दुष्परिणाम ते बंद केल्यावर अधिक जाणवतात.
आसाराम दुकानात सर्वांदेखत म्हणाला, "सायेब, यस्टीत रोज एकाच खिडकीला बसता का काय? निम्मं त्वांड लई काळं पडलंय." गिऱ्हाइके हसली. संशोधकास हे सोसावे लागते.

३ मे
स्नेहल घरी आली. माझ्याकडे पाहून सौ.ला विचारले, "आई, बाबांना काय झालंय?" मला काही विचारले नाही. संध्याकाळी ट्यूब घेऊन आली. "दुसऱ्या बाजूला पण लावा ना बाबा. लग्नापुरतं तरी." चालू प्रयोगात हस्तक्षेप करता येत नाही, असे समजावले. ती म्हणाली, "मी काळजीपोटी दिलं होतं हो." आणि आत गेली.
नोंद घेतली. या विधानाचा प्रयोगाशी संबंध लागत नाही. तरी रात्री झोप नीट लागली नाही. उकाडा.

७ मे
डाव्या जागेत केस! पाच-सहा. पांढरेशुभ्र. काळवंडलेल्या गालाशेजारी लांबूनही दिसतात. कलप कालवला आणि आसारामला बोलावले. "न्हाई सायेब, आत्ता न्हाई लावायचा. कवळे हायती, बिचारे कसेबसे आल्यात." सौ. म्हणाली, "उद्या मुलगी जायचीय, आणि हे वाटी घेऊन बसलेत." वाटी ठेवून दिली. हा निर्णय तात्पुरता.

८ मे
लग्न वेळेवर लागले. व्याहीभेटीत सूर्यभानरावांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "बरं वाटलं व्याही. मला वाटलं हुतं, पिकलेला मी एकलाच हाय."
निघताना स्नेहल माझ्या गळ्यात पडून रडली. मग मिशीकडे पाहिले आणि रडता रडता हसली. म्हणाली, "पोचले की फोन करते. तुमच्याच फोनवर."
रात्री आला. रेंज पूर्ववत.

१८ मे, रविवार
फोटोग्राफरचा फोन. अल्बम छपाईला जायचा आहे. विचारतो, "काका, व्याहीभेटीच्या फोटोत तुमचा कुठला गाल खरा धरू?" विचार करून कळवतो म्हणालो.
देखभाल केली नाही. वेळ मिळाला नाही. तपास स्थगित.
ट्यूबमध्ये थोडे सनस्क्रीन शिल्लक होते. वाया घालवणे योग्य नव्हे. दोन्ही गालांना लावले.