आरतीला चपला

मंगळवार, संध्याकाळ

मधुमेहाने माझे तळवे बधिर केलेत. गेल्या महिन्यात एका पूजेत टाचणी रुतली, ती घरी मोज्यावर रक्त दिसल्यावर कळली. तेव्हापासून डॉक्टरांची ताकीद: घरातही अनवाणी चालायचं नाही. म्हणून आज वर्तकनगरला, दादाकडच्या सत्यनारायणाला, कोऱ्या चपला नेल्या आणि दारात बदलल्या.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, पूजा आहे! पाच मिनिटांनी काय होतंय?"

"टाचणीला तेवढी पुरतात, वहिनी. पाय कापायला मात्र डॉक्टरांना वेळ लागतो."

उद्धट वाटलो का? वाटू दे. चपलांतच आरती म्हटली.

तीर्थ देताना गुरुजींनी हळूच विचारलं, "कुठून घेतल्या हो? माझेही तळवे बधिर झालेत." दिवसभर अनवाणी पूजा सांगणारा माणूस! त्यांच्या पायाचं माप घेऊन आलोय. पुढच्या पूजेला वहिनींनी दोन जोड सहन करावेत.