चोपन्न किलोची एकच जागा

होटगी, ४ जून २०२५

चि. ऋतुजा हिस रेश्मा आत्याचे आशीर्वाद. रागात आहे, तरी आशीर्वाद आधी लिहिले. रीत मोडवत नाही.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागद घेतला. काल स्टेशनात माझ्या तिकीट खिडकीवर एका प्रवाशाने पैसे द्यायच्या आधी मोबाईल पुढे धरला आणि विचारलं, ह्या तुमीच काय? बघते तर पोस्टर. एकीकडे तू, एकीकडे मी, दोघींच्या मुठी वर. खाली लिहिलेलं, आत्या की भाची, कोण जिंकेल? लोकांनी मतंही दिलीत. त्याच्याखाली तुझी मुलाखत. आत्या आता अडतीसची झाली, माझ्यासमोर दुसरी फेरी संपेपर्यंत टिकणार नाही, असं तू हसत हसत सांगतेस.

तू बारा वर्षांची होतीस तेव्हा टेंभुर्णीहून तुला मी आणलं. एकनाथदादाला टायरच्या दुकानातून मान वर काढायला सवड नव्हती, आणि वहिनी रडत होती की पोरीचं नाक मोडेल, मग लग्न कोण करील. आठ वर्षं माझ्या घरात राहिलीस. बॉक्सिंगमध्ये पाय कसा टाकायचा इथपासून मी शिकवलं. आणि फेब्रुवारीत बॅग उचलून सोलापुरात हिंदुरावच्या क्लबात गेलीस. कारण सांगायचीही गरज वाटली नाही. त्याने नवे बूट दिले म्हणे. बुटांपायी माणूस विकलंस होय गं?

ते पोस्टर काढायला लाव. लोभ ठेव असं म्हणत नाही, थोडी लाज ठेव.

तुझी आत्या,
रेश्मा


सोलापूर, १० जून २०२५

ती. रेश्मा आत्या यांना ऋतुजाचा सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणतेय, दचकू नका. तू म्हणायची सवय मोडायची आहे.

पोस्टर मी केलेलं नाही आणि काढायलाही सांगणार नाही. क्लबाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर रोज हाच वाद चालतो. म्हातारी माणसं तुमच्या बाजूने, अनुभव मोठा म्हणतात. पोरं माझ्या बाजूने. मी चहा पिते आणि ऐकते.

कारण विचारलंत ना? जानेवारीत तुमच्या कपाटात स्टेपलर शोधत होते, तेव्हा राज्य स्पर्धेचा माझा गेल्या वर्षीचा फॉर्म सापडला. माझा फोटो, बाबांची सही, सगळं जागच्या जागी. तुम्ही तेव्हा सांगितलं होतं की वयाचा दाखला वेळेत पोचला नाही, म्हणून जिल्हा संघटनेने फॉर्म परत पाठवला. त्या कागदावर संघटनेचा शिक्का नव्हता. तो होटगीच्या बाहेर पडलाच नव्हता.

चोपन्न किलोच्या वजनगटात जिल्ह्यातून एकच मुलगी जाते. गेल्या वर्षी कोण गेलं? तुम्ही. आणि मी तुमच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली धरून उभी होते, वर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

वीस जुलैला निवड चाचणी आहे. माझा फॉर्म मी माझ्या हाताने दिलाय आणि पोच घेतलीय. लोकांची मतं कशाला मोजायची? या, खरंच बघू.

नमस्कार करते, कारण आजीने शिकवलंय.

ऋतुजा


होटगी, १६ जून २०२५

चि. ऋतुजास आशीर्वाद.

फॉर्म राहून गेला असेल. तेव्हा माझी ड्यूटी किती बदलत होती ते तू डोळ्यांनी बघितलंयस. एका कागदावरून आठ वर्षांचं घर सोडणारी मुलगी माझ्या हाताखाली वाढली, याचं मला नवल वाटतं. आणि हे तुम्ही-तुम्ही तुझ्या नव्या सरांसाठी ठेव.

मीही फॉर्म दिलाय. चाळिशीपर्यंत उतरता येतं, नियम वाचून घे. तू अजून मारताना डावा हात खाली सोडतेस. हिंदुरावने दुरुस्त केला नसेलच, त्याला दिसलाच नसणार.

आईला कळलंय. ती दोन दिवस धड जेवली नाही. म्हणते, एक माझ्या पोटची, एक माझ्या लेकाची, कुणाच्याबी तोंडावर ठोसा बसला तरी मलाच लागतंय की. मी तिला सांगितलं, तू बघायला येऊ नकोस. ती म्हणाली, येनार. मी लई सांगून बघितलं.

तब्येतीला जप. वीस जुलैला तुला आजारपणाचं निमित्त मिळायला नको.

रेश्मा आत्या


सोलापूर, २२ जुलै २०२५

रेश्मा आत्या यांना,

सा. न. आज लिहीत नाही.

तुम्ही जिंकलात. तीन पंच तुमच्याकडे, दोन माझ्याकडे. अभिनंदन करायला हे पत्र नाही.

पहिल्या फेरीत तुम्हाला श्वास पुरत नव्हता. तुमच्या बरगडीवर माझे चार ठोसे बसले आणि चारही वेळा तुमच्या तोंडून आवाज निघाला, तो फक्त मी ऐकला. दुसऱ्या फेरीत तुम्ही मला मिठी मारून धरलंत, तोंड माझ्या कानाशी आणलंत आणि म्हणालात, फॉर्म मीच दाबला होता, तू जिंकली असतीस म्हणून. तोंडात दातांवरचं गमशील्ड होतं तरी प्रत्येक शब्द कळला.

रेफरीने आपल्याला सोडवून थांबवलं, तरी मी मारलं. माझा एक गुण गेला. तिसऱ्या फेरीत मला तुम्ही दिसतच नव्हता, नुसता राग दिसत होता. मी हात फिरवत राहिले, तुम्ही बाजूला सरून एकेक ठोसा वेचून मारलात. हिंदुराव सर अजून विचारतायत, तुला झालं काय? मी सांगितलेलं नाही.

मला एवढंच कळवा. ते खरं होतं, की मला चिडवायचा डाव होता? उत्तर आलं नाही तर मी समजायचं ते समजेन.

ऋतुजा


होटगी, ३० जुलै २०२५

चि. ऋतुजास,

खरं होतं. आणि डावही होता.

गेल्या वर्षी सप्टेंबरात सरावात तू माझ्या बरगडीखाली मारलंस आणि मी गुडघ्यावर आले. पाय घसरला म्हणून तुला सांगितलं. घसरला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुझा फॉर्म कपाटात ठेवला. राहून गेला हे खोटं. खिडकीतून तिकिटं देणाऱ्या बाईला लोक नावाने ओळखतात ते एवढ्या एका खेळामुळे. ते तू काढून घेशील याची मला भीती वाटली, ती सुद्धा मीच शिकवलेल्या हातांनी.

वीस तारखेला पहिल्या फेरीतच कळलं की मी हरतेय. तुला लागेल असं माझ्याकडे एकच उरलं होतं, ते वापरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर तिने विचारलं, कानात काय बोललीस गं पोरीच्या? तिला सांगितलं. मग एकनाथदादाला फोन करून सांगितलं. त्याने पूर्ण ऐकलं आणि फोन ठेवला. अजून उचलत नाही.

परवा संघटनेचे सचिव प्रभुलिंग सरांना सगळं लेखी दिलं. माझं नाव मागे घेते, असं मी म्हणाले. ते म्हणाले, हरलेल्या मुलीला पाठवता येत नाही, दोघींना पुन्हा उतरावं लागेल. नऊ ऑगस्ट, सकाळी दहा. आणि वर्षभर मी कुणाला शिकवायचं नाही. शिक्षा योग्य आहे.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायचं ओझं तुझ्यावर पडेल. पण नऊ तारखेला मी हलकं मारणार नाही, हे लक्षात ठेवून ये.

रेश्मा


सोलापूर, ११ ऑगस्ट २०२५

ती. रेश्मा आत्या यांना सा. न.

पाचही पंच माझ्याकडे आले ते तुम्ही ऐकलंतच. तुम्ही हलकं मारलं नाहीत, माझा ओठ आतून फाटलाय, सध्या ताक पिऊन आहे. तीनही फेऱ्यांत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी मात्र, तुम्ही जवळ आलात की प्रत्येक वेळी कानात काही बोलाल याची वाट बघत होते.

आजी डोळे मिटून बसली होती. निकाल झाल्यावर मला म्हणाली, संपलं का? मी व्हय म्हटलं. पण संपलेलं नाही. चहाच्या गाड्यावरचा वाद मिटला, माझा राग मिटलेला नाही. गेलं वर्ष मला परत कोणी देणार नाही. राज्य स्पर्धेला मी हिंदुराव सरांबरोबर जाणार, तुम्ही येऊ नका.

एक मात्र लिहायचं होतं, त्यासाठीच हे पत्र. माझा हात वर केल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात आणि माझ्या ग्लोव्हचा पट्टा सोडायला हात पुढे केलात. सवयीनेच केला असणार. मी हात मागे ओढला. सगळ्यांनी बघितलं. मग तो पट्टा मी दातांनी सोडला, ओठातून रक्त येत होतं तरी.

तुमचा हात तसाच पुढे राहिला होता. तो मला रोज दिसतोय. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हात मागे घेईन, आणि पुन्हा असंच वाईट वाटून घेईन. यापेक्षा जास्त लोभ सध्या माझ्याजवळ नाही.

ऋतुजा