उतारापाशी थांबवलेली गाडी

बाबा, त्या दुपारबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी मी मनात तुमच्याशी तेच बोलत असते.

तेव्हा मी जव्हारला डी.एड. करत होते. सुट्टी संपवून तुमच्याच पिकअपमधून वसतिगृहावर परत निघाले होते. गाडी जुनी, दोन मालक करून आपल्याकडे आलेली. पावसाळ्यात तिच्या वायरींत ओल शिरायची आणि स्टिअरिंगसमोरचे इशाऱ्याचे दिवे मनाला येईल तसे लागायचे. पण तुम्ही एकही दिवा खोटा मानायचा नाहीत. गाडी बाजूला घ्यायची, बल्बला दोन तारा जोडून केलेला तुमचा टेस्ट लॅम्प काढायचा आणि एकेक जोड तपासत बसायचं. आई म्हणायची, माझ्या दुखण्याकडेही हे एवढं बघत नाहीत.

दाभोशाच्या पुढे एका पाड्यावरच्या लोकांनी हात केला. पहिलटकरीण अडली होती. तिला मागे गोधडीवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. तिची आई पायांशी बसली. मोठा उतार सुरू व्हायच्या आधी तुम्ही गाडी थांबवलीत. बॅटरी चार्ज होत नसल्याचा लाल दिवा लागला होता. तुम्ही बॉनेट उघडून डायनॅमो फिरवणारा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिलात. पट्टा धड होता. मला वाटलं, आता निघू. तुम्ही टेस्ट लॅम्प काढलात.

तिची आई खाली उतरून तुमच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "भाऊ, दिवा पेटला तं पेटू दे. गाडी चालते ना? माझी पोर नाय राहाची."

तुम्ही वर न बघता म्हणालात, "या गाडीत डायनॅमो आणि ब्रेकचा पंप एकाच दांड्यावर आहेत, ताई. तो दांडा फिरत नसेल तर पहिल्या दोन दाबांना ब्रेक लागेल, पुढे पाय दगडावर ठेवल्यासारखा होईल. खाली वळणावर मी काय करू?"

ती परत येऊन बसली. तिच्या मुलीची नखं माझ्या मनगटात रुतत होती आणि मी बॉनेटच्या कडेनं वाकलेल्या तुमच्या पाठीकडे बघत होते; पाठ हलतच नव्हती. शेवटी तुम्हाला सापडलं. दिव्याकडे जाणारी बारीक वायर घासून सोलली होती आणि पत्र्याला टेकत होती. डायनॅमो ठीक, पंपही ठीक. दिवा खोटा होता. तुम्ही वायरीला टेप गुंडाळलीत आणि गाडी थेट जव्हारच्या दवाखान्यापाशी नेऊन उभी केलीत.

बाई वाचली, मूल वाचलं नाही. मी नर्सला विचारलं, थोडं आधी आलो असतो तर? ती म्हणाली, असं सांगता येत नाही, आणि हातातली भांडी घेऊन आत गेली.

तुम्हाला कुणी बोल लावला नाही. फक्त त्या पाड्यावरची माणसं आपली गाडी जाऊ देत आणि मागून येणाऱ्या जीपसाठी थांबत. तुम्ही तिथे दर वेळी वेग कमी करायचात. मग एका पावसाळ्यानंतर माणसं घेणंच सोडलंत. भाताची पोती आणि गवत, एवढंच.

पुढे मोखाड्याच्या बाजारात त्या दिवशीची ती पहिलटकरीण मला भेटली, कडेवर एक, हाताला एक. तुमची चौकशी केली. तुम्ही गेल्याचं सांगितल्यावर तिनं कडेवरचं मूल खाली उतरवलं. मग म्हणाली, "माझा नवरा म्हणतो, ब्रेक गेला असता तर तू पण नसतीस. आई नाय तसं म्हणत." तिला स्वतःला काय वाटतं ते तिनं सांगितलं नाही, आणि मला विचारवलं नाही.

हे आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता दाखवणार नाही. तुम्ही बरोबर होतात असं मी आजवर सगळ्यांना ठामपणे सांगत आले, बाबा. मला स्वतःला ते अजून पुरतं पटलेलं नाही.