बांधावरचा फणस आणि सात फुटी स्टँड

चि. सौ. काशी हीस, सगुणाताईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे देवाच्या दयेने धडधाकट. तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. (तेल चोळतेस की नुसती बाटलीकडे बघतेस?) फोनच केला असता, पण तो सध्या दारापुढच्या खळ्यात सात फुटांवर चढून बसलाय आणि उतरवायला मला स्टूल लागतं, म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपर्यंतची, काना-मात्रा चुकली असेल तर तुझी तू सरळ करून घे.

तर मी व्हिडिओत असते हे तुला ठाऊक आहेच. आजवर सूनबाई दीपाली हातात फोन धरायची, पण तिचा हात असा हलतो की माझे घावणे होडीत बसून केल्यासारखे दिसतात. मग फोन मिठाच्या बरणीला टेकवला, तर तो कुळथाच्या पिठीत पडला. (पिठी आम्ही खाल्ली, फोन उन्हात वाळवला.) त्यातून बघणाऱ्या बायकांचा एकच हट्ट, आजी, फणसाची भाजी दाखवा, अगदी झाडावरून काढण्यापासून. आता झाड आख्खं दिसायचं तर स्टँड उंच हवा. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे झाड बांधावर. माझे चुलत दीर गंगाराम भावोजी म्हणतात फणस त्यांचा, मी म्हणते आमचा. ह्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद, फणसाला कुणी हात लावायचा नाही, आणि दरवर्षी वानरं मेजवानी करून जातात. ह्या साली ती भाजी व्हिडिओत दाखवायचीच असं मी मनाशी धरलं होतं. कशी ते ठरलं नव्हतं, पण स्टँड तर आधी आणू.

रत्नागिरीत दुकानवाल्याने पहिला दाखवला तो पंख्याच्या वाऱ्यालाच डुलायला लागला. म्हटलं, बाबा, हा आमच्या सड्यावरच्या वाऱ्यात गोव्याला पोचेल. दुसऱ्याला वर गोल दिवा होता, तो डोक्यामागे आला तर मी कॅलेंडरातली देवी दिसेन, म्हणून नको. मग मी सगळेच उघडायला लावले आणि मांडवाची मेढ हलवून बघतात तसे एकेकाची मान धरून हलवले. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही, गिऱ्हाइकं दारातूनच परत. दुकानवाला म्हणाला, आजी, मोबाइलसाठी घेताय की घर बांधायला? मी म्हटलं, टिकणार असेल तर दोन्हीला. शेवटी जाड पायांचा, सात फुटी, काळा घेतला. लांबून दाबायचं बटण त्याबरोबर फुकट. (ते मी कनवटीला ठेवते.) काशी, वस्तू पारखायला शाळा लागत नाही गो, हात लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँड बांधाजवळ उभा केला, तोंड फणसाकडे. दवाने फोन भिजू नये म्हणून वर पिवळी पिशवी बांधली, नुसतं भोक ठेवलं. कुठे उभं राहिलं की पूर्ण दिसते ते दीपालीने बघून दिलं होतं, तिथे तिथे चुन्याच्या खुणा मारल्या. आणि बटण दाबून पदर नीट करतेय तोच गंगाराम भावोजी तोंडात ब्रश, एका हातात लुंगी, दुसऱ्या हातात जमिनीच्या कागदांची पिशवी, असे धावत आले. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर, "वैनी, मोजणी लावलीत नि मला नोटीस नाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन पाय, पिवळं डोकं, चुन्याच्या खुणा, अगदी जमीन मोजणीवाल्यांचं यंत्र! आपल्याकडे हे खळ्यात उभं राहिलं की माणसाला देव आठवतो. आता खरं सांगायला मला काय झालं होतं? पण मी एवढंच म्हटलं, "जरा बाजूला व्हा भावोजी, मधे येताय." (खोटं नव्हतंच, ते फणसाच्या पुढ्यात उभे होते.) झालं, त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, घरातल्या गोष्टीला सरकार कशाला, फणस तुमचा काय नि माझा काय, अर्धे अर्धे काढू. मी म्हटलं, मग काढा की आत्ताच. आणि काशी, ह्या वयात तो माणूस कोयती कमरेला खोवून सरसर वर चढला! दोरी बांधून एकेक फणस असा अलगद खाली सोडला की काय सांगू. स्टँड उंच म्हणून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळं आलं. तेवढ्यात दीपाली दारातून ओरडली, "आई, व्हिडिओ चालू आहे ना?" वरून आवाज आला, "फशिवलंस गो वैनी!" पण कबुली फोनात गेली होती आणि फणस खळ्यात आले होते.

भाजी केली, वाटी पलीकडे पाठवली, रिकामी वाटी घेऊन ते स्वतः आले आणि स्वतःचाच व्हिडिओ चार वेळा बघून गेले. लोक माझ्या भाजीचं सोडून 'झाडावरच्या आजोबांना' विचारतायत, पण असू दे. बोलणं सुरू झालं, भांडण मिटलं, मी निर्धास्त आहे.

घरच्या लहानथोरांना माझं मायेचं विचारणं सांग.

तुझी ताई,
सगुणा

ता. क. तुला स्टँड घ्यायचा झाला तर मला घेऊन जा. एकटी गेलीस तर डुलणारा घेऊन येशील.

दुसरी ता. क. ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. कालपासून गंगाराम भावोजींच्या खळ्यात पण तीन पायांचं एक उभं आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच, तोंड आमच्या बांधाकडे. व्हिडिओसाठी घेतलं म्हणतात. व्हिडिओसाठी! ज्याला चहा ठेवता येत नाही तो कसला व्हिडिओ करतो? तुझा जावई हर्षद मोजणीच्या ऑफिसात आहे, त्याला हळूच विचार की गंगारामाच्या नावाने अर्ज पडलाय काय. माझं नाव सांगू नको. उत्तर लगेच धाड, तोवर मी बांधावरच बसून आहे, जेवणसुद्धा दीपाली तिथेच आणून देते.