ताटलीतलं पत्रक

३ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय या तेनकाय बेटावर माझ्या तोडीचं बोलायला कोणी नाही. दवाखान्यात मी एकटा डॉक्टर आणि नर्स उबेरलिंदा कार्कामो. बाई याच बेटावर जन्मल्या. माझ्याकडे पाहताना त्यांचा चेहरा नेहमी दाढ दुखत असल्यासारखा असतो.

परिस्थिती अशी. माराकाइबोला मी मोठ्या हॉस्पिटलात होतो. तिथे आधी औषधं संपली, मग पगार. म्हणून व्हेनेझुएला सोडून इथे, चिलीच्या दक्षिणेला. करार फक्त हिवाळ्यापुरता (इथे तो मे ते ऑगस्ट). ऑगस्टअखेर बेटाची आरोग्य कमिटी हात वर करून सांगणार, हा डॉक्टर हवा की नको. हवा म्हणाले तर नोकरी कायम, आणि बायको कोरोमोतो नि मुलगी मिलेदी इकडे. नको म्हणाले तर... पण नको कोण म्हणेल?

संकल्प: महिन्याभरात बेट जिंकणे. थंडीबद्दल अवाक्षर न काढणे.

३ मे, दुपार
थंडी असह्य.

११ मे
पहिला विजय. रोसामेल बार्रियाआजोबा तपासायला आले. हे कमिटीचे अध्यक्ष. बी.पी. छपराला टेकलेलं. डुकराची चरबी आजपासून बंद, असं खडसावून सांगितलं. आजोबा टोपी पिळत ऐकत होते. प्रभाव पडला.

संध्याकाळी त्यांची बायको दोमितिला फडक्याखाली झाकून ताटली घेऊन दारात. घरी डुक्कर कापलं होतं. चरबीत तळलेले तुकडे, रक्ताचं सॉसेज, बटाट्याच्या भाकऱ्या. याला म्हणतात लोकप्रियता! सगळं संपवलं. (माझ्या कोलेस्टेरॉलचा प्रश्न वेगळा आहे.)

१९ मे
शेजारच्या ग्वेन्तेओच्या घरून ताटली. मान्सियाच्या घरून ताटली. ज्याच्या अंगणात डुक्कर कापतात तो माझी आठवण काढतोच. माराकाइबोला पेशंट साधं आभार मानायचे नाहीत.

कोरोमोतोला फोन करून सांगितलं, काम फत्ते. तिने विचारलं, कुणी लिहून दिलंय का? म्हटलं, अगं, पोटावरून कळतं. ती शाळेत शिकवते, शंका काढायची खोडच आहे.

२७ मे
ताटल्या साठल्या. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. पण आत घालायला घरात काय आहे? नूडल्स. मग सुचलं. प्रत्येक ताटलीत कोलेस्टेरॉलचं एकेक पत्रक घालून पाठवलं. रंगीत आहे, वर तुंबलेल्या रक्तवाहिनीचं चित्र.

उबेरलिंदाबाईंनी आधी पत्रक पाहिलं, मग मला पाहिलं, मग तोंड उघडलं. मी म्हटलं, आरोग्यशिक्षण, बाई, आरोग्यशिक्षण! त्या बरं म्हणाल्या नि बँडेजं गुंडाळायला लागल्या.

१४ जून
पेशंट कमी झाले. पत्रकाचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं. यावर एखादा लेख लिहायला हवा.

२ जुलै
बाहेरच्या बाकावर आज कोणीही नाही. काल नाही, परवाही नाही. मी बेट बरं करून टाकलं.

ताटल्याही बंद. म्हणजे पथ्य पाळतात. फक्त एक गोष्ट. दुपारी मान्सियाच्या अंगणातून धूर आला, डुकराचाच वास, आणि त्याची बायको ताटल्या घेऊन रस्त्याने घरोघर निघाली. विसरली असेल म्हणून मी आठवण व्हावी इतपत पायरीवर जाऊन उभा राहिलो. तिने पावसापाण्याचं बोलून घेतलं आणि पुढे गेली. शेजारच्या चर्चच्या झाडूवाल्याला दिली. त्याला काय करायचंय इतकं मांस?

९ जुलै
कोरोमोतोचा फोन. शाळेचा राजीनामा दिला, फ्रिज विकला, शिवणयंत्र विकलं. तूच म्हणालास ना काम फत्ते, म्हणून. मी म्हटलं, शाबास.

नंतर सहज स्वतःचं बी.पी. घेतलं. यंत्र बिघडलेलं दिसतं. उबेरलिंदाबाईंना दुरुस्तीला पाठवायला सांगितलं. त्यांनी स्वतःचं घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, यंत्राला काही झालेलं नाही.

१६ जुलै
रोसामेलआजोबांचे पाय सुजले. माझ्याकडे आले नाहीत. खवळलेल्या समुद्रात होडी घालून पलीकडच्या बेटावरच्या कंपाउंडरकडे गेले. जिवावर उदार होऊन! आणि मी इथे, त्यांच्या कुंपणापलीकडे.

ते परतल्यावर दुपारी त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं. हवा वाईट आहे म्हणाले. हो, वाईट आहे म्हणालो. बसा म्हणाले नाहीत. या बेटावर वसुलीला आलेल्या माणसालाही चुलीजवळ बसवून माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा गरम चहा, पाजतात. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि परत आलो.

याचं कारण मला सुचत नाही. असं पहिल्यांदाच झालं.

१७ जुलै
उबेरलिंदाबाईंना विचारलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

ती ताटली म्हणजे भेट नव्हे. ज्याने खाल्लं त्याने आपलं डुक्कर कापलं की तेवढंच परत पाठवायचं. ताटलीला ताटली. फ्रिज नव्हते तेव्हापासूनची रीत आहे, त्यामुळे हिवाळाभर प्रत्येक घरी ताजं मांस. शेंबड्या पोरांनाही ठाऊक. त्या म्हणाल्या, तुम्ही परके, दोन वर्षं कोणी काही बोललं नसतं. पण डॉक्टर, तुम्ही बोटं चाटून खाल्लंत आणि वर त्याच ताटलीतून कागद पाठवलात की तुमचं अन्न विष आहे! दोमितिलाने तो चुलीत घातला, आणि तुमच्या नावाने आणखी काय काय घातलं ते मी सांगणार नाही.

मग आधी का नाही बोललात, असं मी ओरडलो. त्या म्हणाल्या, तोंड उघडलं होतं की. तुम्ही आरोग्यशिक्षण म्हणालात.

राग आला. कोणावर ते ठरत नाही. सरळ लिहितो, भीती वाटते. कमिटीत तीच माणसं आहेत. आणि तिकडे फ्रिज गेला.

२४ जुलै
हताश होणं आपल्या स्वभावात नाही. योजना तयार. ग्वेन्तेओकडून डुक्कर विकत घेतलं. चांगलं गुबगुबीत. मीटिंगच्या आधी कापायचं, घरोघर ताटल्या, प्रश्न मिटला. तोवर दवाखान्यामागे बांधलं आहे. देखभाल मी स्वतः करणार. शरीरशास्त्र कोणाला येतं या बेटावर?

१० ऑगस्ट
आज कापायचं होतं. रीतीप्रमाणे शेजारी मदतीला आला, ग्वेन्तेओच. त्याने डुकराच्या बरगड्यांवरून हात फिरवला, परत फिरवला, आणि विचारलं, काय खायला घालता याला? मी सांगितलं, उकडलेला कोबी, गाजर, मीठ वर्ज्य. मी दुसऱ्याला उपदेश करून घरच्या डुकराला चरबी चढवणाऱ्यांतला नाही.

ग्वेन्तेओ खाली बसून हसला. म्हणाला, डॉक्टर, पेशंट फारच बरा केलात की हो! याच्यात तीन ताटल्या भरणार नाहीत. पोसा आणि पुढच्या हिवाळ्यात बोलवा.

पुढच्या हिवाळ्यात!

२६ ऑगस्ट
निघू नकोस, असं सांगायला कोरोमोतोला फोन केला. ती अर्ध्या वाटेवर, पेरूतल्या लिमापर्यंत पोचली होती. मागे बसचा आवाज. म्हणाली, मिलेदी खिडकीला टेकून झोपलीय, हळू बोल, काय काम होतं?

मी म्हटलं, स्वेटर आणा.

२८ ऑगस्ट, सकाळ
आज मीटिंग. भाषण पाठ आहे. सुरुवात विज्ञानापासून, शेवट भावनेवर. आरशासमोर दोनदा केलं. दोन्ही वेळा शेवटी मिलेदीचं नाव आलं. तो भाग मी बसवलेला नव्हता.

२८ ऑगस्ट, दुपार
चर्चमागच्या खोलीत अख्खं बेट. रोसामेलआजोबा म्हणाले, डॉक्टर ठेवायचा की नाही, बोला. मी भाषणाला उठलो, उबेरलिंदाबाईंनी कोट धरून खाली बसवलं. तेवढ्यात दोमितिला उठली. मी मिलेदीची शपथ घेऊन देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

दोमितिला म्हणाली, या माणसाने आमच्या घरचं खाल्लं, ग्वेन्तेओचं खाल्लं, मान्सियाचं खाल्लं. परत आतड्याची एक चिंधीही नाही. आज याला होडीत घातलं तर ते फेडणार कोण, त्याचा बाप? काही नाही. राहू दे इथेच. फिटेस्तोवर हलायचं नाही.

सगळे हात वर. एकमताने.

करार कायम झाला. मी विश्वासाबद्दल आभार मानणार होतो, पुन्हा कोट ओढला गेला. बाहेर आल्यावर उबेरलिंदाबाई म्हणाल्या की मी वर्षाला एक डुक्कर कापलं, आणि लोक द्यायचे थांबले नाहीत, तर देणं कधी फिटायचं नाही, माझं म्हातारपण इथेच. थांबणार नाहीत म्हणे.

रोसामेलआजोबा मागून आले. बाही वर केली. मी तिथेच, भिंतीला टेकून, त्यांचं बी.पी. घेतलं.

९ सप्टेंबर
परवा कोरोमोतो आणि मिलेदी उतरल्या. धक्क्यावरच दोमितिलाने कोरोमोतोच्या हातात ताटली दिली. मी धावत जाऊन सावध करणार, तोवर तिने घेतली होती. ताटली काल परत गेली, मक्याच्या गरम भाकऱ्यांनी भरून. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आज बाहेरचा बाक भरला! लोक भिंतीला टेकून उभे! मी कोट चढवला, केस विंचरले, दार उघडलं. पहिलीने विचारलं, तुमच्या घरच्या बाई आहेत का? दुसरीनेही तेच. मान्सियाची बायको म्हणाली, आता तुम्ही आहातच, तर बी.पी. पण बघा.

डुक्कर आता कोरोमोतोच्या ताब्यात आहे. तिने मला सांगितलं आहे, माणसं तपास, याच्या खाण्यात लक्ष घालू नकोस. दोन दिवसांतच ते तरतरीत दिसतं.

उरलेली पत्रकं मी बाकावर ठेवणार होतो. सापडली नाहीत. कोरोमोतो म्हणाली, सकाळी चूल पेटत नव्हती. कागद चांगला आहे म्हणाली, एका काडीत पेटतो.