टेकडीवरून बोलतोय

सांता लुबिना, होंडुरास

प्रिय इसाईयास,

तू माद्रिदला गेल्यापासून मी तुला पाण्याबद्दल कधी लिहिलं नाही. मुद्दामच. आज मात्र दुसरं काही सुचत नाहीये. आपल्या पाणी खात्यात नवी यंत्रणा आली. बाबांच्या टेकडीवरच्या टाकीत आता एक सेन्सर लोंबतो आणि पाणी किती आहे ते कंट्रोल रूममधल्या पडद्यावर आपोआप दिसतं. तू बसायचास त्याच खुर्चीत बसून मी ते बघते.

बाबांना कामावरून कमी केलं. पण टाकीशेजारची खोली सोडा, असं सांगायला कोणी वर चढलं नाही, म्हणून ते तिथेच राहिले. रोज सकाळी गाठींची दोरी टाकीत सोडायची आणि वायरलेसवर ओरडायचं, "सेंट्रल, सेंट्रल, टेकडीवरून बोलतोय. चार गाठी पाणी. पेंदिएंते." इथली पोरं खिदळायची, "आले बघा सेन्सर आजोबा!" मी त्यांना दटावायचे आणि उत्तर द्यायचे, "मिळालं, टेकडी." खरं सांगू? यंत्रच बरोबर असायचं. बाबांना हल्ली गाठी नीट दिसत नाहीत. पण आई गेल्यापासून ते माझ्याशी धड बोलले असतील तर त्या वायरलेसवरच. समोर बसलं की बीन्स, टोर्टिया, कॉफी, आणि तोंड भिंतीकडे.

गेल्या आठवड्यात वायरलेसचा जुना मनोरा उतरवला. आदल्या दिवशी मी वर जाऊन सांगून आले होते की बाबा, उद्यापासून तुमचा आवाज पोचणार नाही. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघते तर वायरलेस मांडीवर, घसा पार बसलेला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, सांगितलं होतं ना! मला कशाला हाका मारताय?" तर म्हणाले, "तुला कुठे मारतोय? तू तर इथेच असतेस."

इसाईयास, वायरलेसवर सगळेच शेवटी 'पेंदिएंते' म्हणतात. कान इकडेच आहे, वाट बघतोय, एवढाच त्याचा अर्थ. मीही तो तेवढाच धरला होता. ते तुझ्यासाठी होतं रे. आईला पुरून आलो त्या संध्याकाळी तुम्ही दोघं भांडलात, तू निघून गेलास, आणि तेव्हापासून त्यांच्या मनात एकच, की एखाद्या सकाळी तू त्या खुर्चीत परत येऊन बसशील आणि तेव्हा टेकडी गप्प असायला नको.

आता ती गप्प आहे. त्या दिवसापासून त्यांनी दोरी हातात धरलेली नाही. दोन घाससुद्धा जात नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध देण्यासारखं काही नाही. मी हरले. तू त्यांना माफ कर, असं म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही, ते तुझं तू बघ. फक्त एक फोन कर. मी तो त्यांच्या कानाशी धरेन. "बाबा" म्हणवत नसेल तर नको म्हणूस. "मिळालं, टेकडी," एवढंच म्हण आणि ठेवून दे.

वाट बघणारी,
तुझीच ताई,
नोएमी